साडेचार वर्षं आणि फ्रीजमधले १२ मिलिग्रॅम

पत्राचा सारांश

पत्र लिहिणारी २८ वर्षांची आहे. गाव लातूर जिल्ह्यात, वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून जेआरएफ फेलोशिप मिळवून ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. एका नैसर्गिक रेणूचं संश्लेषण हा तिचा विषय. एकूण १८ पायऱ्या आहेत आणि पंधरावी गेल्या सप्टेंबरात झाली. सोळाव्या पायरीत रेणूची दोन टोकं जुळून मोठं कडं तयार व्हायला हवं, ते आठ महिने होत नाही. पंधराव्या पायरीचा माल आता फक्त १२ मिलिग्रॅम उरला आहे. तो तिने फ्रीजमध्ये ठेवलाय आणि त्याला हात लावायची तिला भीती वाटते. सर म्हणतात, पहिल्यापासून पुन्हा माल कर, म्हणजे आणखी तीन-चार महिने. फेलोशिप डिसेंबरात संपते. हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) आणि रोटाव्हॅप (द्रावक उडवून लावणारं यंत्र) मोकळे मिळतात म्हणून ती रात्री दोन-दोनपर्यंत एकटी काम करते. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कॉलम (मिश्रणातून पदार्थ वेगळा करणारी नळी) अर्धवट होता, म्हणून ती दुसऱ्याच दिवशी परत आली. बरोबरची मैत्रीण पीएचडी सोडून हैदराबादला कंपनीत गेली. घरून ‘अजून किती?’ हा प्रश्न आणि स्थळं, दोन्ही येत असतात. ती विचारते, ‘ताई, मी सोडू की राहू? आणि मुळात माझ्यात ती कुवतच नव्हती का?’

उत्तर

तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून मीही अहो-जाहो न करता लिहिते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘साडेचार वर्षांत माझ्या हातात काहीच नाही’ असं एक वाक्य त्यात आहे, आणि त्याच्या चार ओळी खाली, जाता जाता लिहावं तसं, पंधरावी पायरी झाल्याचं आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच मुलीने एकाच संध्याकाळी लिहिली, याचं मला फार वाईट वाटलं. मी नव्वदच्या दशकात याच विषयात पीएचडी केली आणि पुढे बरीच वर्षं औषध कंपनीच्या संशोधन विभागात होते. पंधरावी पायरी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी, आणि खरं तर तुझ्यासाठीसुद्धा, तो हिशेब एकदा मांडते.

एका पायरीला ८० टक्के यील्ड आलं, म्हणजे जितका माल मिळू शकतो त्यातला तेवढा हाती आला, तर लॅबमध्ये कोणीही चांगलंच म्हणेल. अशा पंधरा पायऱ्या ओळीने ८० टक्क्यांनी गेल्या तर शेवटी उरतात साडेतीन टक्के. सरासरी ७० वर आली तर अर्धा टक्काही उरत नाही. रेणूभार बदलतो तो हिशेब बाजूला ठेवला, तरी २० ग्रॅमने सुरुवात करणाऱ्याच्या हाती शेवटी शंभरेक मिलिग्रॅम लागतात, चमच्याच्या टोकावर मावतील इतके. तुझ्याकडे १२ उरले आहेत याचा अर्थ तुझा हात वाईट आहे असा होत नाही. लांब संश्लेषणाचं गणितच असं आहे. कुवतीची शंका तू या गणितावरून घेतली असशील, तर ती सोडून दे.

आणि त्या प्रत्येक पायरीमागे एक दिवस असतो, तो घरच्या कोणाला दिसत नाही. ओव्हनमधून आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) काढून गरम असतानाच सेप्टम (रबरी बूच) लावायचा, नायट्रोजनचा फुगा, टीएचएफ हे कोरडं केलेलं द्रावक, ड्राय आइस आणि ॲसिटोनमध्ये उणे ७८, मग थेंब थेंब बेस. दर अर्ध्या तासाने टीएलसी, म्हणजे छोट्या पट्टीवर थेंब लावून रिॲक्शन कुठवर आली ते बघणं. यूव्हीच्या दिव्याखाली नवा स्पॉट दिसला की जीव भांड्यात पडतो. मग क्वेंच (रिॲक्शन थांबवणं), वर्कअप (धुऊन माल वेगळा काढणं), रोटाव्हॅप, आणि कॉलमसमोर तीन-चार तास उभं राहणं. फ्रॅक्शन (कॉलममधून उतरलेले भाग) एकत्र करून एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीला द्यायचं, रांगेत थांबायचं, आणि स्पेक्ट्रममध्ये सगळ्यात उंच शिखरं ४.१२, २.०५ आणि १.२६ वर. म्हणजे कॉलमला वापरलेलं द्रावक, इथिल ॲसिटेट, अजून मालात राहिलंय, पुन्हा पंपावर. तू हे पंधरा वेळा नाही, काही शे वेळा केलं आहेस. ‘काहीच नाही’ हा शब्द यासाठी वापरू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ‘सोडू की राहू’ असं तू विचारतेस, पण त्याच्या पोटात एक गोष्ट तू धरूनच चालली आहेस: रेणू पूर्ण झाला तरच पीएचडी. हे तुला कोणी सांगितलं? सरांनी सांगितलं असेल तर ते मला पत्रात सापडलं नाही. मला वाटतं हे लॅबमध्ये हवेतूनच लागतं. भिंतीवर रेणूचं चित्र असतं, सगळ्यांच्या तोंडी ‘झालं का, झालं का’ असतं, आणि हळूहळू वाटायला लागतं की ते चित्र म्हणजेच पदवी.

संस्थेच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटासमोर एकदा उभी राहा आणि पाठीवरची नावं वाच. ‘स्टडीज टुवर्ड्स द टोटल सिंथेसिस ऑफ’ अशी सुरुवात असलेले किती दिसतात ते मोज. त्या ‘टुवर्ड्स’चा अर्थ एवढाच, की इथपर्यंत रस्ता झाला, पुढचा राहिला. ते सगळे लोक डॉक्टर झालेले आहेत. त्यातले कितीतरी आज प्राध्यापक आहेत, कंपन्यांमध्ये गट सांभाळतात. तो शब्द कमीपणाचा आहे असं आमच्या वेळीही मुलं मानायची, मीही मानत होते, आणि ते चूक होतं. ब-१२ जीवनसत्त्वाचं संश्लेषण १९७२ मध्ये पूर्ण झालं. हार्वर्डला वुडवर्ड आणि झुरिकला एशेनमोझर, दोन्हीकडचे मिळून शंभराच्या आसपास संशोधक आणि दहा वर्षांहून जास्त काळ त्यात गेला. त्यातल्या बहुतेकांनी संपूर्ण रेणू आपल्या हाताने कधीच केला नाही. आपापला तुकडा केला, तो नीट लिहिला आणि पुढच्याच्या हातात दिला.

परीक्षक काय बघतो? काम नवं आहे का, केलेला प्रत्येक पदार्थ तोच आहे हे पुराव्याने दाखवलंय का, दुसऱ्याला ते वाचून पुन्हा करता येईल का, आणि जे झालं नाही ते का झालं नाही यावर या मुलीने विचार केलाय का. या चौथ्या प्रश्नावर तुझे आठ महिने उभे आहेत. कडं जुळण्याऐवजी दोन रेणू एकमेकांना जोडले गेले का? किती विरळ द्रावणात करून पाहिलंस? कॅटलिस्ट (रिॲक्शन घडवून आणणारा पदार्थ) मेला की रेणूच असा दुमडलेला आहे की टोकं एकमेकांजवळ येतच नाहीत? दोन-तीन सोप्या, लहान मॉडेल रेणूंवर हेच कडं होतं का? मॉडेल करायला पंधरा पायऱ्या लागत नाहीत, चार-पाचात होतो. त्यातून उत्तर ‘नाही’ आलं तरी ते एक प्रकरण आहे.

पण ते प्रकरण लिहायचं कशावरून? इथे मला तुझ्यावर थोडं रागवायचं आहे. तू लिहितेस, ‘फेल झालेल्या रिॲक्शन मी हल्ली नोटबुकात लिहीतच नाही, उगाच पान खराब.’

तुझे बाबा कंडक्टर होते. गाडी रिकामी गेली म्हणून त्या फेरीचं वेबिल त्यांनी भरलं नाही, असं कधी झालं असेल का? त्यांना विचारून बघ, ते काय म्हणतात. तुझी नोटबुक हे तुझं वेबिल आहे. रिकामी फेरीसुद्धा फेरीच असते. आठवतं तेवढं आजच लिहायला बस: कुठला कॅटलिस्ट, किती, कुठलं सॉल्व्हंट, किती तास, टीएलसीवर काय दिसलं. फक्त एक लक्षात ठेव, तारीख आजची घाल आणि ‘नंतर नोंदवलं’ असं स्पष्ट लिही. मागच्या तारखा घालू नकोस. टीएलसीचे फोटो फोनमध्ये असतील तर त्यावरची तारीख-वेळ तुझ्या मदतीला येईल.

ही गोष्ट मी इतक्या जोर देऊन का सांगते, तेही सांगते. माझ्या तिसऱ्या वर्षी रोटाव्हॅपवरचा फ्लास्क क्लिप न लावल्यामुळे निसटला आणि तीन महिन्यांचा माल वॉटर बाथमध्ये सांडला. मी बाथ रिकामा केला, धुतला आणि कोणाला काही बोलले नाही. अकरा दिवस मी सरांना ‘कॉलम पुन्हा करते आहे’ असं सांगत राहिले. रात्री झोप येत नव्हती, जेवण उतरत नव्हतं. शेवटी बाराव्या दिवशी रडत रडत सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ‘बाथमधलं पाणी ठेवलंस का?’ पदार्थ पाण्यात विरघळणारा नव्हता. त्याच दिवशी सांगितलं असतं तर इथिल ॲसिटेटने तो बराचसा परत काढता आला असता. माल सांडला तो अपघात होता, पण तो गेला माझ्या लपवण्यामुळे. तू अजून काही लपवलेलं नाहीस, फक्त लिहिलेलं नाहीस. ते आजही भरून काढता येतं.

सरांशी बोलण्याबद्दल. तू म्हणतेस की ते चिडतील आणि ‘तुझी निष्ठाच कमी’ असं म्हणतील. त्यांचा स्वभाव मला माहीत नाही, तेव्हा तसं होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण तू आतापर्यंत त्यांना जे विचारत आलीस ते बघ. दर सोमवारी तू विचारतेस, ‘सर, सोळावी होत नाही, काय करू?’ रसायनशास्त्राच्या माणसाला रिॲक्शनबद्दल विचारलं की तो आणखी एक कंडिशन सांगतोच, त्याचा तो पिंड असतो. तू रिॲक्शनचं विचारलंस, त्यांनी रिॲक्शनचं सांगितलं. तारखेचा विषय अजून कोणी काढलेलाच नाही.

तो तू काढ. कॉरिडॉरमध्ये किंवा हूडसमोर नको, अर्धा तास मागून घे. जाताना कागद ने. एका बाजूला झालेल्या प्रत्येक पदार्थाचा क्रमांक आणि पुढे एकेका तपासणीचे रकाने: प्रोटॉन, कार्बन, आयआर, एचआरएमएस, ऑप्टिकल रोटेशन, मेल्टिंग पॉइंट. जे आहे त्यावर खूण, नाही ते रिकामं. हा तक्ता सरांसाठी आहेच, पण त्याहून तुझ्यासाठी आहे. थीसिस लिहायला बसलेल्या मुलांची सगळ्यात मोठी फजिती इथे होते: नवव्या पदार्थाचा कार्बन काढलेलाच नाही आणि आता त्यातला कणही शिल्लक नाही. मग एका स्पेक्ट्रमसाठी नऊ पायऱ्या पुन्हा. हे आज कळलं तर अजून काही सँपल्स फ्रीजमध्ये सापडतील. डिसेंबरात कळलं तर सापडणार नाहीत. सर माल पुन्हा करायला सांगतातच आहेत, तर निदान कुठला पदार्थ किती आणि कशासाठी हवा ते या तक्त्यावरून ठरेल. कदाचित फक्त नवव्या पायरीपर्यंतच जायचं असेल, पंधरापर्यंत नाही.

आणि बोलायचं काय? साधं. ‘सर, माझी फेलोशिप डिसेंबरात संपते. एवढं झालेलं आहे. यातून थीसिसची कोणती प्रकरणं होतात ते आज ठरवू या का? आणि मी बेंचवरचं काम कुठल्या तारखेला थांबवू?’ आवाज कापला तरी चालेल, कागद कापत नाही. संध्याकाळी त्यांना दोन ओळींची मेल टाक, ‘आज असं असं ठरलं.’ ते उद्धट ठरत नाही. सरांच्या हाताखाली सात-आठ मुलं असतात, त्यांनाही ती मेल उपयोगी पडते.

त्यांनी टाळलं, किंवा ‘रेणू झाल्याशिवाय लिहायचं नाही’ असं ठामपणे सांगितलं, तर तुझी सल्लागार समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक सत्रात तिच्यासमोर काम मांडायचं असतं. बहुतेक मुलं तिथे जाऊन स्लाइड दाखवतात आणि चहा पिऊन येतात. या वेळी शेवटच्या स्लाइडवर वेळापत्रक टाक आणि समितीलाच विचार. सरांविरुद्ध तक्रार करायची नाही. समोर तीन-चार शास्त्रज्ञ बसलेले असताना ‘एवढं काम प्रबंधाला पुरेल का’ हा प्रश्न विचारणं हे समितीचंच काम आहे. आणखी एक: याच नियमांनी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती काढून टाकली आहे. तुझ्या संस्थेची स्वतःची अट असू शकते, ती शैक्षणिक विभागात जाऊन लेखी बघ. सीनियर सांगतात तो नियम बऱ्याचदा पाच वर्षांपूर्वीचा असतो.

मुदतीची भीतीही थोडी खाली ठेव. प्रवेशापासून सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, एकूण दहापेक्षा जास्त नाही. म्हणजे डिसेंबरात तुझी नोंदणी संपत नाही, पैसे संपतात. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि तू त्या एकत्र करून घाबरली आहेस.

पैशांचं मात्र खरंच बघायला हवं. तुझ्यासारख्यांची सीनियर फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ४२,००० आहे, त्याआधी ३५,००० होती, आणि पाच वर्षं झाली की ती थांबते. त्यातले १५,००० तू घरी पाठवतेस. थीसिस दिल्यापासून व्हायव्हा (तोंडी परीक्षा) होईपर्यंत काही महिने जातात, परीक्षकांचे अहवाल यायला वेळ लागतो. या काळासाठी आजपासून काहीतरी बाजूला टाकायला हवं आणि त्यासाठी घरी पाठवायची रक्कम सात महिने कमी करावी लागेल. हे बाबांना सांगायचं तुझ्या जिवावर येतं, ते पत्रातून कळतं. पण न सांगता जानेवारीत अचानक पैसे बंद झाले तर त्यांना जास्त लागेल. सरांच्या एखाद्या प्रोजेक्टवर काही महिने प्रोजेक्ट असोसिएट म्हणून घेता येतं का, तेही त्याच बैठकीत विचार. जूनमध्ये विचारलं तर जागा निघू शकते, डिसेंबरच्या २८ तारखेला नाही.

आता रात्रीचं काम. यावर मी सल्ला देत नाही, विनवते. एकटीने रात्री रिॲक्शन लावणं आजपासून बंद कर. रात्री लिही, वाच, एनएमआर लाव, पण सोडियम, ब्युटिललिथियम, हायड्राइड, सॉल्व्हंट डिस्टिलेशन यातलं काहीही लॅबमध्ये दुसरं माणूस नसताना करू नकोस. २००८ च्या डिसेंबरात, सुट्टीच्या दिवसांत, लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक सिरिंजने टर्शरी ब्युटिललिथियम काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, द्रव हवेत पेटला. अंगात लॅब कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. तिच्या लॅबमध्ये इतर माणसं होती, तरीही. तू तर रात्री दोन वाजता एकटी असतेस, आठ तासांची झोप महिनोन्‌महिने न मिळालेली. झोप कमी असलेल्या माणसाचा हात कापतो आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला वाटतं की कापत नाही. हूड दिवसा मिळत नसेल तर लॅबमेट्सबरोबर बसून वारांचं वाटप करून घ्या. तुझ्यासारखीच अडचण त्यांच्यातल्या दोघा-तिघांची असणार, फक्त कोणी बोललं नसेल.

पहाटे तीनला छातीत धडधडून जाग येते, असं तू शेवटी एका ओळीत लिहून सोडून दिलंस. ते मी सोडणार नाही. संस्थेच्या डॉक्टरांना ही गोष्ट त्याच शब्दांत सांग. समुपदेशक असतील तर भेट. संस्थेतल्या कोणाला कळू नये असं वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि दिवसातून दोनदा बसून जेव. मेस बंद झाल्यावर पोहे आणि चहा हे रोजचं जेवण होऊ शकत नाही.

बाबांच्या आजारपणातून परत आलीस त्याची बोच तुझ्या मनात आहे. तिला मी चूक म्हणणार नाही, मला तशीच एक आहे. पण पुढच्या वेळी लक्षात ठेव, अर्धवट कॉलम शेजारच्या बेंचवरचं कोणीही उतरवू शकतं. फ्रॅक्शनवर नंबर घालून, फॉइल लावून ठेवायला एका माणसाला एक तास लागतो. तू कोणाला विचारलं नव्हतंस. बाबा आता बरे आहेत ना? मग या महिन्यात चार दिवस गावी जा. पुस्तकं नेऊ नकोस.

घरी लोक ‘अजून किती’ विचारतात तेव्हा तू सोळावी पायरी समजावून सांगायला जातेस आणि सगळे गप्प होतात, असं लिहिलं आहेस. अगं, त्यांना रिॲक्शन नको असते, तारीख हवी असते. सरांबरोबरची बैठक झाली की तुझ्याकडे तारीख असेल. ‘दिवाळीपर्यंत लॅबचं काम, मग लिहिणं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परीक्षा’ एवढं सांगितलं तरी आईला शेजारणीला सांगण्याजोगं काहीतरी मिळेल. स्थळांचं म्हणशील तर तुला आता लग्नाचा विचार करायचा आहे की नाही, एवढंच घरी स्पष्ट सांग. नसेल करायचा तर पीएचडीची ढाल पुढे करू नकोस, कारण ती वर्षभरात संपेल.

आणि सोडण्याचा पर्याय? तो खरा पर्याय आहे, त्यात लाज काहीच नाही. तुझ्या मैत्रिणीने सोडली आणि ती हैदराबादला वेळेवर घरी जाते, वेळेवर झोपते, याचा हेवा वाटणं अगदी साहजिक आहे. तुझ्याकडे नेट आहे. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला नेट-सेट पुरतं, पीएचडी सक्तीची नाही. अर्थात आपल्याकडे कायम जागा किती निघतात आणि तासिका तत्त्वावर किती जण वर्षानुवर्षं शिकवतात हे तू गावातल्या कॉलेजात पाहिलंच असशील. कंपनीतही एमएस्सीवाल्यांना काम मिळतं, चांगलं मिळतं. फक्त संशोधन गटाची जबाबदारी हवी असेल तर तिथे पीएचडी विचारतात.

मी कोणाला सोडायला सांगेन? जिला उद्या सोळावी पायरी झाली तरी आनंद होणार नाही, तिला. जिला लॅबमध्ये अपमान किंवा त्याहून वाईट काही सोसावं लागतंय आणि गाइड बदलूनही मिळत नाही, तिला. जिची तब्येत खरोखर ढासळते आहे, तिला. ही पत्रं मला येतात आणि त्यांना मी ‘बाहेर पड’ असंच लिहिते. तुझ्या पत्रात मात्र पंधराव्या पायरीच्या एनएमआरचं वर्णन आहे. ७.२६ च्या क्लोरोफॉर्मच्या शिखराशेजारी तुझ्या रेणूचे दोन प्रोटॉन स्वच्छ वेगळे दिसले तेव्हा तू एकटीच हसलीस, असं लिहिलं आहेस. कंटाळलेली मुलगी असं लिहीत नाही. तू कामाला कंटाळलेली नाहीस, कामाला शेवट दिसत नाही याने थकली आहेस. म्हणून माझं मत विचारशील तर सोडू नकोस. सोळावी पायरी सोड. तक्ता, बैठक, तारीख, आणि मग रोज सकाळी लॅबमध्ये जायच्या आधी एका पदार्थाचं एक्सपेरिमेंटल (कृती आणि तपासण्यांचे आकडे) लिहून टाकायचं. चाळीस पदार्थ असतील तर चाळीस सकाळी.

आणि ते १२ मिलिग्रॅम. शेवटचा एक प्रयत्न करायचा मोह होतो, मला माहीत आहे. रेणूभार ४८० च्या आसपास आहे म्हणतेस, म्हणजे एक मिलिमोलर, खूप विरळ, द्रावणाला २५ मिलिलिटर डायक्लोरोमिथेन, एक दुपार. पण आधी त्याचा कार्बन आणि एचआरएमएस झालाय का ते तक्त्यात बघ. नसेल तर तेच आधी कर. कार्बनचं सँपल ट्यूबमधून परत मिळतं, एचआरएमएसला कणभर पुरतो. उरलेलं स्वच्छ व्हायलमध्ये घे, आर्गॉन भर, पॅराफिल्म लाव. लेबलवर नुसतं ‘स्टेप १५’ लिहू नकोस. रचना, वजन, तारीख, तुझी आद्याक्षरं आणि नोटबुकचं पान लिही, शाई पुसू नये म्हणून वरून सेलोटेप लाव. जुलैत सरांकडे नवीन मुलगा येणार आहे असं तू लिहिलं आहेस. तो फ्रीज उघडेल तेव्हा त्याला ते वाचता यायला हवं.